कातरीनबायचं खळं

शनिवारी सकाळी पाचूबंदरच्या नाक्यावर कातरीनबाय गोरी होऊन आली.

तिला मरून महिना होत आला होता. थोरल्या मुलाने, एरॉलने, विजेचा खांब आणि चहाची टपरी यांच्यामध्ये ताणून फ्लेक्स बांधला होता. वर मोठ्या अक्षरांत ‘आदर्श माता’, मधे कातरीनबायचा फोटो, खाली ‘महिन्याची मिस्सा, रविवारी सकाळी सात वाजता’, आणि त्याच्याही खाली हात जोडलेल्या पुरुषांची रांग. पहिला एरॉल, कोट घालून. त्याच्या शेजारी जमातीचा पाटील फ्रेडरिक, काळा चष्मा लावून. बाकीचे कोण कुठले, त्यांनी कातरीनबायच्या हातचा एक बोंबील खाल्ला नसेल. पण दुःख सगळ्यांनाच झालं होतं आणि ते रंगीत छापून आलं होतं.

धाकटी सून डेल्फिन बाजाराची पिशवी घेऊन येत होती. ती टपरीसमोर थांबली आणि ही बाई कोण हे तिला आधी कळेचना. कातरीनबायचं तोंड उन्हाने रापून तव्यासारखं झालेलं. डाव्या गालावर काळा चट्टा, पुढचे दोन दात पडलेले. फ्लेक्सवरच्या बाईला यातलं काहीच झालेलं नव्हतं. गाल गुलाबी, ओठांना रंग, गळ्यात मोत्यांची माळ. ती माळ कोणाच्या गळ्यातून उचलली होती देव जाणे.

“भाभी, फोटो कसला मस्त आलाय ना?” टपरीवाला म्हणाला. “आजी एकदम मॅडम वाटते.”

डेल्फिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. इथे तर म्हैससुद्धा बदलली होती. पण टपरीवाला परका माणूस, त्याच्यावर ओरडून काय होणार? ती घराकडे वळली.

वाटेत खळी लागली. किनाऱ्यावरच्या वाळूत एकेका बाईची एकेक जागा, त्यात बांबू रोवलेले आणि बांबूंना आडव्या दोऱ्या ताणलेल्या. त्या मांडणीला वलांडी म्हणायचं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची, की दोन-तीन दिवसांत वारा आणि ऊन त्यांची काठी करून टाकतं. शेजारच्या ज्युलिएटची वलांडी बोंबलांनी भरून गेली होती. तिच्या पलीकडच्यांचीही. मधे एकच खळं उघडं, बांबू वाळूत आडवे पडलेले. ते कातरीनबायचं.

घरात मयत झालं की वलांडी खाली उतरवायची आणि महिन्याच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत, दोरीला मासळी लावायची नाही, ही पाड्याची रीत. डेल्फिनने कातरीनबायला माती दिली त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातांनी गाठी सोडल्या होत्या. सासूने मारलेल्या गाठी; नखं तुटली तरी सुटत नव्हत्या. प्रत्येक गाठीला ती रडली होती.

आणि यंदाचं साल असं की दिवाळी गेली तरी पाऊस जाईना. सगळ्यांचाच हंगाम उशिरा लागला आणि वारा फिरून बोंबील जाळ्यात पडायला लागला तो नेमका या महिन्यात. नवऱ्याने, ऑस्करने, बोटीतून आणलेला माल डेल्फिन महिनाभर ओलाच गाडीवाल्याला देत होती, तो म्हणेल त्या भावाने. शेजारणींच्या दोऱ्या वाऱ्यावर हलताना बघून तिच्या हाताला खाज सुटायची. पण रीत ती रीत. आयसाठी एवढं तरी करायला नको?

दुपारी एरॉल आणि त्याची बायको फ्लॉसी गोखिवऱ्याहून गाडी घेऊन आले. ऑस्कर ओट्यावर डोलीचं जाळं सांधत बसला होता. फ्लॉसी आत आली, खुर्चीकडे पाहिलं आणि उभीच राहिली. रुमाल नाकाशी होता.

“स्टेफी कुठे आहे?” एरॉलने विचारलं. “उद्या चर्चमध्ये तिला वाचायचंय. मी लिहून आणलंय. नात वाचते तेव्हा बरं दिसतं.”

स्टेफी, डेल्फिनची मुलगी, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. वाचता वाचता तिचा चेहरा बदलत गेला.

“अंकल, हे कोणाबद्दल आहे?”

“म्हणजे काय? आईबद्दल.”

“‘अखेरच्या वर्षांत आम्ही तिला कष्ट करू दिले नाहीत.’ अंकल, आजी खळ्यावर पडली. हातात बांबू होता तिच्या. मी उचललं तिला.”

“अगं, असं चर्चमध्ये सांगतात का?” फ्लॉसी रुमालातून म्हणाली. “लोक काय म्हणतील?”

डेल्फिनने चहा ठेवला होता तो तसाच उकळत राहू दिला. “लोक काय म्हनतील ता सोडा, वयनी. आय तुमच्याकडं र्‍हायला आली व्हती तवा सोफ्यावर पेपर कोनी आथरलेला? ती बसंल तिथं पेपर. ती उठली का पेपर गोला करून कचऱ्यात. आठ दिवस तिनं बघितलां आन् नवव्या दिवशी रिक्षा करून एकटी घरी आली. ता लिवलंय का कागदावर?”

“डेल्फिन, विषय वाढवू नको,” एरॉल म्हणाला. “मी चांगल्या कामासाठी आलोय. उद्या मिस्सा झाली की फ्रेडरिक खळ्यांची फेरी काढतोय.”

ऑस्करचा हात जाळ्यावर थांबला. “फेरी? ती नातालच्या आठवड्यात असते.”

“यंदा आधी घेतलीये. सगळे मिस्सेला येणारच आहेत, एका फटक्यात काम.”

डेल्फिन स्वयंपाकघराच्या दारात खिळल्यासारखी उभी राहिली. समुद्रकाठची वाळू सरकारी कागदावर सरकारची. पाड्याच्या हिशेबात मात्र जिची मासळी तिचं खळं. वर्षातून एकदा जमातीचा पाटील सगळ्या खळ्यांवरून फिरायचा. दोरीवर मासळी असली की त्या बाईचं नाव मोठ्याने घ्यायचा आणि बांबूला चुन्याचं बोट लावायचा. दोरी रिकामी दिसली की खळं जमातीकडे परत. मग जमात त्याचं काय वाटेल ते करणार.

“आमचा खला उगडा हाय,” ती हळूच म्हणाली. “आयच्या दुखवट्यात उगडा हाय.”

“तेच सांगतोय. आता कोण करणार ते काम? शनिवार-रविवार किल्ला बघायला किती गाड्या येतात बघितल्या का? लावायला जागा नाही. तिथे पार्किंग करायचं ठरलंय. मी आणि फ्रेडरिकने सगळं बोलून घेतलंय, ऑस्करलाही तिथे पावत्या फाडायचं काम मिळेल.” एरॉलने घसा साफ केला. “आणि नाव आईचं देणार. कातरीन स्मृती वाहनतळ. कमान करायची, वर फोटो.”

डेल्फिन दारातून पुढे आली.

“तो गोरा फोटू?” डेल्फिनने विचारलं.

“तुला चांगलं काही बघवतच नाही. मरेपर्यंत राबवलंत तुम्ही माझ्या आईला!”

हे तो बोलला आणि डेल्फिनच्या तोंडाला जे आलं ते तिने बाहेर येऊ दिलं. “आमी राबवली? पंधरवड्याच्या पंधरवड्याला सुके बोंबील, सुका जवला पिशव्या भरभरून नेलास, तो कोनी सुकवलेला? तुजा बाप? तुजा बाप तू पाच वर्सांचा असताना बुडाला! तुज्या शालेचा, तुज्या कॉलेजचा, तुज्या लग्नाचा, सगला त्या खल्यावर सुकलाय. आन् त्या खल्यावर तू गाड्या उभ्या करतंस? आयच्या उरावर?”

“ऑस्कर, बायकोला आवर,” एरॉल म्हणाला.

ऑस्करने मान वर केली नाही. मूग गिळून बसण्यात त्याचा हात कोणी धरू शकलं नसतं. एरॉलने मिस्सेला वाटायच्या कार्डांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, त्याच्यावरही तीच गोरी बाई, आणि दोघं निघून गेली. फ्लॉसीने गाडीत बसल्यावर काच वर केली ती डेल्फिनने पाहिली. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तुमी कायच नाय बोलनार?”

ऑस्करने जाळं गोळा करून खांद्यावर टाकलं. “आजच्या पान्याला जातंय,” एवढंच म्हणाला आणि बंदराकडे चालू लागला. डेल्फिनला वाटलं, उकळता चहा त्याच्या पाठीवर फेकावा.

ऊन उतरल्यावर ती कोयता आणि दोऱ्यांचं भेंडोळं घेऊन खळ्यावर गेली. स्टेफी मागोमाग आली. दोघींनी पहार मारून जुने खड्डे मोकळे केले आणि बांबू उभे करायला सुरुवात केली. ओली वाळू जड होती. डेल्फिनचा उजवा खांदा गेल्या वर्षीपासून दुखत होता. पहार उचलली की कळ थेट कोपरापर्यंत जायची. ती कळ तिला आज बरी वाटत होती.

शेजारच्या खळ्यातून ज्युलिएट आली. म्हातारी कातरीनबायहून थोडी लहान, जिभेने मात्र सवाई.

“गो डेल्फिन, यो काय करतंस? उद्याची मिस्सा झाली नाय अजून. दुखवट्यात वलांडी? पाडा थुकंल तुज्यावर.”

“थुकूंदे.”

“आयची तरी लाज ठेव.”

डेल्फिनने पहार वाळूत रोवली. “ज्युलिएटबाय, माजा सासरा बुडाला तवा आयनं काय केलां? सांग या पोरीला. तू व्हतीस.”

ज्युलिएट समुद्राकडे बघायला लागली.

स्टेफीला ती गोष्ट तुकड्यातुकड्यांनी माहीत होती. आज तिची आई ती पहारीच्या घावाघावाला सांगत गेली. सासऱ्याचं, इनासचं, प्रेत तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलं. चौथ्या दिवशी कातरीनबायने वलांडी उभी केली. एक पोर पाच वर्षांचं, एक अंगावर पिणारं, चुलीवर ठेवायला काही नाही. फ्रेडरिकचा बाप तेव्हा पाटील. त्याने शिक्षा ठरवली: या बाईच्या पाटीला हंगामभर कोणी हात लावायचा नाही. मासळीने भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही, समोरून कोणीतरी उचलून द्यावी लागते. कोणी देईना. मग कातरीनबाय पाटी रेटत रेटत किल्ल्याच्या पडक्या गडग्यावर चढवायची, स्वतः खाली वाकायची, पाटीखाली डोकं घालायची आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठायची. एकदा पाटी घसरली आणि तिच्या लोखंडी कडेने गाल फाडला. डाव्या गालावरचा काळा चट्टा तो.

“तो चट्टा पुसला त्यांनी,” डेल्फिन म्हणाली. “मोबाइलवर बोट फिरवून पुसला.”

ज्युलिएटने जाताना स्वतःच्या खळ्यातली एक दोरी सारखी केली, जी आधीच सारखी होती.

रविवारी उजाडता उजाडता ऑस्करची बोट लागली. डेल्फिन आणि स्टेफी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. आज माल होता. पांढरे, लिबलिबीत, ताजे बोंबील, बोटीच्या तळाला भरून. ऑस्करने पाट्या भरून काठावर ठेवल्या आणि बायकोकडे न बघता म्हणाला, “गाडीवाला आला व्हता. त्याला नाय सांगितलां.”

डेल्फिन त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस रात्रभर जाळ्याशी भांडत होता तो यासाठी, हे तिला आता कळलं. पण राग एवढ्यात सोडायची तिची तयारी नव्हती. “मिस्सेला जा. मोठा नाय तर धाकटा तरी खरा पोर बसूंदे आयसाठी.”

“तू?”

“मी हितं हाय. आय जिथं व्हती तिथं.”

ऑस्कर तसाच, खारट अंगाने, चर्चकडे गेला. डेल्फिनने स्टेफीलाही म्हटलं, जा, तुझ्या आजीची मिस्सा आहे. स्टेफीने काकाने दिलेला कागद खिशातून काढला, चार घड्या घातल्या आणि बांबूच्या बुडाशी फटीत ठोकून बसवला. बांबू हलत होता तो हलायचा थांबला.

“मी ते वाचणार नाही, मम्मी. मला पहिलीपासून दहावीपर्यंत शाळेतून आणायला कोण यायचं? पाटी गेटबाहेर ठेवून उभी असायची. पोरी नाक धरायच्या, आणि मी तिला सांगायचे, लांब उभी राहा. तर ती लांब उभी राहायची. रोज.” तिचे डोळे भरले. “जोडी कशी अडकवू, सांग.”

पहिली पाटी दोघींनी फरफटत आणली. दुसरीला डेल्फिन वाकली तर खांद्यातून अशी चमक निघाली की ती वाळूत बसलीच. चर्चला जाणाऱ्या बायका रस्त्याने चालल्या होत्या, घडीच्या साड्या, केसांत अबोली. बघत होत्या. कोणी थांबत नव्हतं. एक जण तर पदराने तोंड झाकून पुढे गेली.

मग त्यांच्यातून ज्युलिएट बाहेर आली. नवी साडी वर खोचून ती वाळूत उतरली, पाटीसमोर वाकली आणि पाटीच्या कडेला हात घातला.

“उचल,” ती म्हणाली.

पाटी डेल्फिनच्या डोक्यावर चढली. बोंबलांचं पाणी ज्युलिएटच्या साडीवर ओघळलं. तिने ते झटकलं नाही. सगळ्या पाट्या डोक्यावर देऊन झाल्यावर ती तशीच मिस्सेला गेली, हाताला वास घेऊन.

सूर्य वर आला. बोंबलाचे दात बारीक, सुईसारखे. जोड्या अडकवता अडकवता डेल्फिनची बोटं सोलून निघाली आणि त्यात मिठाचं पाणी झोंबायला लागलं. चर्चच्या बाहेर लावलेल्या कर्ण्यातून मिस्सा खळ्यापर्यंत ऐकू येत होती. फादरांची प्रार्थना झाली, गायन झालं, आणि मग एरॉलचा आवाज आला. कागद स्टेफीकडे असला तरी त्याला सगळं पाठ होतं.

“माझी आई त्यागाची मूर्ती होती,” कर्णा म्हणाला.

“मूर्ती!” डेल्फिन म्हणाली आणि एक जोडी दोरीवर फेकली. मूर्तीला भूक लागत नाही. मूर्तीचे गुडघे सुजत नाहीत. मूर्तीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू, पुढच्या महिन्यात करू म्हणून चार वर्षं ढकललेलं चालतं.

“तिने कधी तक्रार केली नाही.”

हे तर सपशेल खोटं. कातरीनबाय तक्रार करायची, दिवसभर करायची, वाऱ्याला, गाडीवाल्याला, ऑस्करला, डेल्फिनच्या आमटीला शिव्या घालायची. डेल्फिन नवी नवरी होती तेव्हा सासूच्या जिभेने तिला दोनदा माहेरी पळवलं होतं. आणि दोन्ही वेळा सासूच तिला आणायला आली होती, पाटीत तिच्या आवडीची ओली कोलंबी घेऊन, दारातच भांडत. स्टेफीच्या वेळच्या बाळंतपणात डेल्फिनला ताप भरला तेव्हा हीच म्हातारी पोरीला पोटाशी बांधून खळ्यावर उभी राहायची. असली बाई होती ती. तिला गप्प, गोड आणि गोरी करून फ्लेक्सवर चढवलं होतं, आणि त्याचा डेल्फिनला इतका संताप आला की तिच्या डोळ्यांतून पाणी बोंबलांवर पडायला लागलं.

मिस्सा सुटली तेव्हा शेवटची दोरी भरत आली होती. पुरुष मंडळी खळ्यांवरून फिरत आली. पुढे फ्रेडरिक, हातात चुन्याची वाटी; शेजारी एरॉल, कोटात घामाघूम; मागे पाडा. मागे कुठेतरी ऑस्कर. ज्युलिएटच्या खळ्यावर नाव घेतलं गेलं, चुना लागला. मग सगळे कातरीनबायच्या खळ्यासमोर येऊन थांबले. शेवटच्या दोरीचं टोक सोडलं तर वलांडी वरपासून खालपर्यंत भरलेली होती, वाऱ्यावर सळसळत होती.

“हे काय आहे?” एरॉल ओरडला. “लाज नाही वाटत? आईची मिस्सा चालू होती आणि तू इथे मासे टांगत होतीस?”

“जित्या आयला कदी भेटायला आलास ता आमाला म्हाईत हाय. मेल्यावर एक तास बसलास म्हनून आमाला शिकवतंस?”

“दुखवट्यात लावलेली मासली धरता येत नाय,” फ्रेडरिक म्हणाला. “रीत हाय.”

“मिस्सा झाली,” डेल्फिन म्हणाली. “कर्ण्यातून सगल्या पाड्यानं ऐकली. मिस्सा झाली का दुखवटा संपला. आन् आता तुमी समोर उभे हाव, आन् दोरीवर मासली हाय. बोला, कोनाची?”

फ्रेडरिकने एरॉलकडे पाहिलं. “झाली खरी, पर लावलेली आदी...”

“तुज्या बापानं कातरीनच्या पाटीला हात लावू दिला नाय,” ज्युलिएट मागून म्हणाली. तिच्या साडीवरचे डाग वाळून पांढरे झाले होते. “मी तवा तरनी व्हते, मी पन ऐकलां. आज नाय ऐकनार. तू चुना नाय लावलास तर मी लावते.”

बायकांत कुजबुज वाढली. फ्रेडरिक वाटीतला चुना उगाचच ढवळत राहिला. आणि मग गर्दीतून ऑस्कर पुढे आला. वाळलेल्या मिठाने त्याचे हात पांढुरके झाले होते. आयुष्यात भावासमोर तो इतका सरळ कधी उभा राहिला नव्हता.

“मासली माजी,” तो म्हणाला. “खला तिचा.”

एवढंच. पण पाड्याने ते ऐकलं. फ्रेडरिकने नाइलाजाने वाटीत बोट बुडवलं. “डेल्फिन ऑस्कर,” तो तोंडातल्या तोंडात म्हणाला.

“मोठ्यानं!” डेल्फिन म्हणाली. “रीत हाय.”

“डेल्फिन ऑस्कर!” आणि चुना बांबूला लागला.

मंडळी पुढच्या खळ्याकडे सरकली. एरॉल तिथेच उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. बहुतेक आईबद्दलच, कारण त्या दिवसापुरतं त्याच्याकडे तेवढंच होतं. डेल्फिन त्याच्यासाठी थांबली नाही. वर कावळे जमायला लागले होते. भरल्या वलांडीवर कावळा बसू नये म्हणून बांबूला काहीतरी फडफडतं बांधावं लागतं. तिने कोयता उचलला आणि नाक्याकडे चालत गेली. टपरीवाला बघतच राहिला. तिने फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या, तो जमिनीवर पसरला आणि बरोबर मधून, कातरीनबायच्या मोत्यांच्या माळेखालून, कोयता ओढला.

परत येऊन तिने वरचा तुकडा गुंडाळून एरॉलच्या हातात दिला.

“हा तुज्या फ्लॅटात लाव,” ती म्हणाली. “ही गोरी बाय आमच्या वलखीची नाय.”

खालचा तुकडा तिने सगळ्यात उंच बांबूला बांधला. एरॉल, फ्रेडरिक आणि बाकीचे दुःखी गृहस्थ हात जोडून वाऱ्यावर फडफडायला लागले, आणि कावळे लांब उडून जाऊन ज्युलिएटच्या छपरावर बसले.

“स्टेफी,” डेल्फिन म्हणाली, “ती शेवटची पाटी आन इकडं.”